महिने हातांसकट हवेत

"उचल हा डबा आणि चालता हो! वीस वर्षं तुझ्याकडून व्हार्निश घेतेय, आणि आता त्यात ॲसिड कालवून देतोस?"

"बाई, जरा हळू. रस्त्यावर माणसं थांबलीत."

"थांबू देत. हवं तर तिकीट लावते. हे बघ. बघ म्हणते ना!"

तारमावशीनं दोन्ही हात व्हार्निशवाल्याच्या नाकासमोर धरले. तळहात भाजल्यासारखे लालभडक. पेरांवर पाण्यानं टम्म भरलेले फोड, अंगठ्याच्या बुडाशी कातडी पापुद्र्यागत सुटलेली. व्हार्निशवाला जन्मभर डबे विकून कोडगा झालेला माणूस, पण तोही एक पाऊल मागं सरला.

"हे माझ्या मालानं झालेलं नाही."

"मग काय मी विस्तव कुरवाळत बसले होते?"

"हाच माल आणखी बारा दुकानांत गेलाय. एकाचा तरी हात असा झालेला दाखवा."

"ते मोजे घालत असतील. मी घालत नाही, तुला ठाऊक आहे."

ती मोजे घालत नाही हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. जळालेल्या मोटरीतली करपलेली तार काढायची, नवी भरायची आणि तिच्यावर व्हार्निश चढवायचं, हे वाइंडिंगचं काम ती पस्तीस वर्षं करत आली होती. तांब्याची तार चिमटीत धरून एकदा फिरवली की तिला जाडी कळायची. जाडी मोजायचं यंत्र होतं, पण ते खणात पडलेलं असायचं. एखादं शंकेखोर गिऱ्हाईक आलं की त्याच्या समाधानापुरतं बाहेर यायचं. मोजा घालून काम करणं म्हणजे तिच्या लेखी डोळ्याला फडकं बांधून सुईत दोरा ओवणं. आणि गेला आठवडाभर त्या बोटांना बारीक तार आणि सुतळी एकसारखीच लागत होती. टेबलाखाली तीन मोटरी उघड्या पडल्या होत्या. तिला रोगाची भीती नव्हती, मरणाचीही म्हणावी तशी नव्हती. हात गेले तर उरलेल्या बाईचं करायचं काय, हे तिला कळत नव्हतं.

व्हार्निशवाला चिडला. "माझ्या मालावर आळ घेताय काय? थांबा." म्हणून त्यानं डब्याचं झाकण काढलं आणि उजवा हात मनगटापर्यंत आत बुडवला. बाहेर काढून थेंब निथळवत म्हणाला, "आता पुसत नाही की धूत नाही. परवा येतो."

"जेवशील कसा?"

"डाव्या हातानं."

परवा तो खरंच आला. हात कडक, तपकिरी आणि चकचकीत.

"बायको घरातल्या कशाला हात लावू देत नाही. हाताचं सागवानी कपाट झालंय. पण फोड आहे का एक तरी? शोधा."

तारमावशीनं चष्मा लावून शोधला. नव्हता. तिनं तोंड वाकडं केलं आणि त्याला थिनरची बाटली द्यायला उठली. दोन पावलं टाकली तोच तो म्हणाला, "लंगडताय का?"

"चप्पल चावते."

"दोन्ही पायांना एकदम? काढा बघू."

तिनं चप्पल काढली. टाचा आणि चवडे तळहातांसारखेच लाल, फोडांनी भरलेले. व्हार्निशवाला खो खो हसला. "डब्यात उभ्या राहून नाचता की काय, बाई?"

ती हसली नाही. स्टुलावर बसली आणि आपल्या पायांकडं असं बघत राहिली, जसं कुणी दारात आणून टाकलेल्या मोटरीकडं बघतं.

तिच्या धंद्यातली समज अशी: एक मोटर जळाली तर दोष मोटरीत शोधायचा. एकाच घरातल्या दोन मोटरी एकदम जळाल्या तर मोटरी सोडायच्या आणि बाहेरून येणारी लाइन तपासायची. हातांना व्हार्निश लागत होतं, पायांना नव्हतं. म्हणजे दोन्हीकडं पोचणारं असं काहीतरी आत येत होतं, आणि नव्यानं येत होतं. गेल्या पाच आठवड्यांत घरात नवीन काय आलं?

गोळी.

चार महिन्यांपूर्वी तिच्या पोटाच्या उजव्या अंगाला जडपणा सुरू झाला. दगड बांधल्यासारखं वाटायचं. अन्न नको झालं, नेसूचं लुगडं एका वेढ्यानं वाढलं. मुलगा पाणीपुरवठा कचेरीत कारकून; तो तिला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. रक्त काढलं, तिला स्कॅनच्या यंत्रात घातलं, पुन्हा रक्त काढलं. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसा." ती बाहेर बाकावर बसली. अर्ध्या तासानं मुलगा बाहेर आला तो तोंड धुऊन. "लिव्हरला सूज आहे. गोळ्यांनी उतरेल." त्या विभागाच्या दारावर पाटी होती, पोटाचे विकार आणि कॅन्सर. तिला वाचता येत होतं. पण पाटीवर नावं दोन होती. त्यातलं आपलं कोणतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मुलाचा चेहरा बघून तिनंही विचारलं नाही. तिच्याकडून झालेली चूक ही एवढीच, आणि ती पुढं स्वतःच कबूल करायची: "परक्या माणसाला मी तोंडावर विचारलं असतं. पोटच्या पोराला भ्याले."

गोळ्यांचं खोकं कधी घरात आलंच नाही. मुलगा बाहेरच गोळ्या सोडवून पावडरच्या जुन्या डब्यात भरून आणायचा. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, सून पाण्याच्या पेल्यासकट हातात द्यायची.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं मुलाला तळपाय दाखवले. तो पांढरा पडला आणि म्हणाला, "उष्णता असेल, आई. ताक पी."

"उष्णता," तारमावशी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून, पायांना फडकी गुंडाळून, मुलाच्या जुन्या ढगळ बुटांत पाय घालून ती एकटी बसनं हॉस्पिटलात गेली.

इथं तिच्या दुकानातली एक रीत सांगायला हवी. नवरा असताना दुकान त्याचं होतं. माणूस हाताचा चांगला, पण पिण्यानं बोटं थरथरायला लागली, तेव्हा मोटरी तारमावशीच भरायची आणि गिऱ्हाइकासमोर मिशी तो पिळायचा. एकदा एका लाँड्रीवाल्याची मोटर त्यानं मागच्या खोलीत नेऊन उघडली. लाँड्रीवाल्यानं भर बाजारात बोंब मारली, की माझं तांबं काढून घेतलं. खरं खोटं कुणी ठरवायचं? सहा महिने दुकानात माशी फिरकली नाही. नवरा गेल्यावर ती खुर्चीत बसली तेव्हा तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे मागच्या खोलीचं दार काढून टाकलं. तेव्हापासून मोटर उघडायची ती मालकाच्या डोळ्यांदेखत. काय जळलं, भरली तर किती टिकेल, आणि भरावी की भंगारात घालावी, हे त्याच्या तोंडावर सांगायचं. एका गिरणीवाल्याला तिनं सांगितलं होतं, "ही आता मेली. रडायचं असेल तर रड, पण मोटर घेऊन जा, जागा अडतेय." तो रडलाही आणि पुढच्या महिन्यात नवी मोटर जोडून घ्यायला तिच्याकडंच आला.

हॉस्पिटलात दोन तास बसल्यावर तिचा नंबर लागला. डॉक्टर चाळिशीचे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, समोर फायलींचा ढीग. त्यांनी वर न बघता विचारलं, "सोबत कोण?"

"मी आहे की."

"नाही, नातेवाईक कोण? मुलगा येतो ना तुमचा? त्यांना घेऊन या, आजी."

"लिव्हर त्याचं आहे का?"

डॉक्टरांनी वर बघितलं.

"आणि आजी नका म्हणू. सख्ख्या आजीला असं बाहेर बाकावर बसवलं नसतं तुम्ही." तिनं दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले, फायलीच्या वर. "हे तुमच्या गोळीनं झालंय. होय की नाही?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. हात उलटेपालटे करून बघितले, पाय बघायला स्वतः खाली वाकले. मग म्हणाले, "होय. गोळीनं. किती दिवस झाले? मलम लावत नाही का? मऊ चप्पल? गरम पाणी, घासाघासी टाळायची, फोड आला की लगेच फोन करायचा, हे सगळं मी मुलाला सांगितलं होतं. कागदसुद्धा दिला होता."

"मला नाही मिळाला."

ती थांबली नाही. "तो कागद दिला असता तर त्यावर गोळीचं नाव असतं. नाव वाचलं असतं तर रोग कळला असता. म्हणून त्यानं कागद दाबला आणि माझे हात गेले. मी तिकडं व्हार्निशवाल्याला शिव्या घालत बसले. त्या बिचाऱ्यानं हात बुडवून घेतला डब्यात."

"कसला डबा? तुम्ही काम काय करता?"

"एवढ्या खेपांत पहिल्यांदा विचारलंत. तुमच्या त्या कागदात काय लिहिलंय?"

डॉक्टरांनी फायलीचं पहिलं पान उलगडलं आणि जरा ओशाळून वाचलं, "गृहिणी."

"कुणी लिहिलं?"

"खिडकीवर मुलानं सांगितलं असेल. बायका आल्या की बहुतेक वेळा तेच लिहिलं जातं."

"खोडा ते. मोटरी भरते मी. तार बोटानं ओळखते. तिथं हे लिहिलं असतं तर गोळी देताना तुमचा हात अडला असता का?"

"अडला असता," डॉक्टर म्हणाले. "निदान मी तुमच्याशी बोललो असतो." त्यांनी पेन काढून शब्द खोडला. "ऐका मावशी. तुमच्या मुलानं माझे पाय धरले होते. आईला कळलं तर ती खचेल म्हणाला. दहातले नऊ घरचे हेच म्हणतात. आणि काही पेशंट खचतात, हेही मी बघितलंय."

"खचायचं झालं तर माझी मी खचेन. ते काम तुम्ही दोघांनी वाटून घेऊ नका. आता उघडा."

"काय?"

"मला. माझ्यासमोर. काय जळलंय, किती चालेल, भरण्यात अर्थ आहे का. एवढं सांगा. गोड लावून सांगू नका, मला कळतं."

डॉक्टरांनी दाराजवळच्या नर्सला पुढचा पेशंट थोडा थांबवायला सांगितलं. मग एका कोऱ्या कागदावर लिव्हर काढलं. चित्र काही धड नव्हतं; तिनं मध्येच विचारलं, "ही चप्पल आहे का?" आणि डॉक्टर पहिल्यांदाच तिच्यासमोर हसले. मग त्यांनी सांगितलं. लिव्हरचा कॅन्सर. गाठ मोठी आहे, आणि आतल्या मुख्य रक्तवाहिनीत शिरलीय. कापून काढता येत नाही. गोळी गाठीला मारत नाही, फक्त तिचा वेग कमी करते.

"किती चालेन?"

"नक्की आकडा कुणीच..."

"नक्की नको. मी पण गिऱ्हाइकाला तारीख देत नाही. अंदाज देते."

"महिने," डॉक्टर म्हणाले. "वर्ष म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

तिनं मान हलवली. खोलीत पंख्याचा आवाज होता. त्याचं बेअरिंग गेलेलं आहे, हे तिच्या कानानं टिपलं आणि त्याच कानानं पुढचं ऐकलं.

"आणि गोळी घेतली नाही तर?"

"त्याहून कमी. फरक सरासरी दोन-तीन महिन्यांचा. कुणाला त्याहून जास्त मिळतात, कुणाला काहीच मिळत नाहीत. तुम्ही कुठल्या बाजूच्या, ते मला आज सांगता येत नाही."

"ते जादाचे महिने हातांसकट मिळतात की हातांशिवाय?"

डॉक्टरांनी तिची बोटं पुन्हा एकदा उजेडात धरून बघितली. मग म्हणाले, "असं करता येईल. गोळी आज बंद. कातडी भरून आली की अर्धी सुरू करू. पुन्हा असंच झालं तर थांबवू. मग दुखण्यावर, पोटात पाणी झालं तर त्यावर, ते सगळे उपाय चालू राहतील. गोळी बंद म्हणजे उपचार बंद नव्हे. पण अर्ध्या गोळीनं अर्धा फायदा होईल की कमी, हे मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणालात ते बरं केलंत. चालेल. अर्धी. आणि थांबवायची कधी ते मी सांगणार."

"आपण दोघं ठरवू."

"बरं, दोघं. पण मुलगा नाही. तो शेजारी बसेल, कागद धरायला." ती उठली, बुटांत पाय सारताना कळ सहन करत म्हणाली, "आणि तो पंखा काढून ठेवा. बेअरिंग गेलंय. पेशंटच्या डोक्यात पडला तर पुन्हा त्याच्या मुलाला एकट्याला बोलावून सांगावं लागेल तुम्हाला."

घरी मुलगा दारातच उभा होता. दुकानाला कुलूप बघून तो अर्धं गाव पालथं घालून आला होता.

"कुठं गेली होतीस?"

"माझा कॅन्सर बघायला."

तो उंबऱ्यावरच बसला. सून आतून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मुलगा रडायला लागला, लहानपणी शाळेत पट्टी खाऊन यायचा तसा, खांदे उडवत. तारमावशीनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "झालं? का अजून शिल्लक आहे?"

"तू घाबरशील म्हणून, आई..."

"मी? चालू लाइनला चिकटून सुटलेली बाई मी. घाबरलास तू. तुझी भीती तू माझ्या नावावर लावलीस. आणि खिडकीवर गृहिणी काय सांगितलंस रे, मुडद्या? तुझी फी भरली ती या हातांनी."

"तोंडात आलं ते सांगितलं."

"तेच तर."

सुनेनं मलमाची ट्यूब शोधून आणली. ती कपाटात, कागदासकट, पाच आठवडे पडून होती. ती सासूच्या पायाशी बसून मलम लावू लागली. मुलानं तिनं आज आणलेला नवा कागद पाहिला, अर्ध्या गोळीचं ऐकलं आणि पुन्हा उसळला. "अर्धी नाही, पूर्णच घ्यायची. दुकान बंद कर. हाताला विश्रांती दे. दोन महिने जास्त मिळणार असतील तर ते का सोडायचे?"

"मिळणार कुणाला?"

"म्हणजे?"

"हाताला फडकी गुंडाळून मी खाटेवर बसणार आणि तू कचेरीतून येऊन मला बघणार. ते महिने तुला मिळाले. मला काय मिळालं?"

मुलगा तडतडला. त्यानं बायकोकडं बघितलं, की ही तरी आपल्या बाजूनं बोलेल. सून मलम लावता लावता म्हणाली, "मी रोज हातात गोळ्या देत होते ना. मला सुद्धा खरं सांगितलं नव्हतंत तुम्ही." त्यानंतर त्या घरात त्या विषयावर त्याचा आवाज चढला नाही. पटलं होतं असं नाही. रोज सकाळी तो पावडरचा डबा उघडून गोळ्या मोजायचा आणि एक सुस्कारा टाकायचा. तारमावशी म्हणायची, "बाहेर जाऊन टाक तो."

तीन आठवड्यांत कातडी भरली. नवी, गुलाबी, तान्ह्या बाळासारखी. तिनं पहिल्याच दिवशी डोळे मिटून पाच जाडीच्या तारा चिमटीत धरल्या. तीन ओळखल्या, दोन चुकल्या. समोर बसलेला व्हार्निशवाला म्हणाला, "पाचातले तीन म्हणजे पास की."

"पास होऊन काय करू, लग्न करायचंय का मला?"

अर्ध्या गोळीवर महिना गेल्यावर ती आणि मुलगा डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी मुलाकडं बघून तोंड उघडलं, थांबले, आणि खुर्ची तिच्याकडं वळवली. "मावशी, गाठ थोडी वाढलीय. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त." मुलानं कागद इतका घट्ट धरला की तो चुरगळला.

"हं," तारमावशी म्हणाली. तिनं अंगठा तर्जनीवर घासून बघितला, तिथं पुन्हा किंचित हुळहुळायला लागलं होतं. "गोळीचा उपयोग होत नाहीय, असं म्हणायचंय तुम्हाला."

"तसंच दिसतंय. दुसरी एक गोळी आहे. हातांना तिचाही त्रास होऊ शकतो. यापेक्षा कमी की जास्त, आधी सांगता येत नाही."

"ठेवा मग तुमच्याजवळ. दुखायला लागलं की येईन, तेव्हा औषधाला हात आखडता घेऊ नका. तोवर मला हात हवेत."

डॉक्टरांनी एकदाच विचारलं, "नक्की?" तिनं एकदाच हो म्हटलं. मुलानं काही म्हणायला मान वर केली; तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला, त्याची मान खाली जाईपर्यंत.

दुपारी दुकानासमोर एक माणूस हातगाडीवर पंपाची मोटर घेऊन उन्हात ताटकळत होता. बागेला पाणी नाही, रोपं माना टाकायला लागलीत, अशी त्याची रड. तिनं मोटर खोलली, तार बघितली, संध्याकाळी ये म्हणाली. त्याचा पाय निघेना. तो उभा राहून तिच्याकडं बघत होता. बाजारात काहीतरी कानावर आलं असावं.

"मावशी, वाळलात हो फार. तब्येत बरी नाही का?"

"लिव्हरचा कॅन्सर आहे," ती म्हणाली. साच्यावर तारेचं टोक अडकवून तिनं डाव्या चिमटीत तार धरली आणि उजव्या हातानं दांडा फिरवायला घेतला. "आता बोलू नकोस. वेढे चुकतात."

माणूस तोंड उघडं टाकून उभा राहिला. ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. सदतीसपाशी तिला चिमटीत तार किंचित खरखरीत लागली. ती थांबली, झालेले वेढे उतरवले, तेवढा तुकडा कापून फेकला, आणि पहिल्यापासून भरायला लागली.